चिनी मढ्यांना बोलकं करणारा भुजंग

भुजंगचा आवाज मूळचा मेंढरांवरचा. राणीसावरगावच्या माळावर तो एका टेकाडावरून हाक घालायचा आणि दुसऱ्या टेकाडावरची मेंढरं माना वर करायची. अशा आवाजाला गंगाखेडात गिऱ्हाईक मिळेल, असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. पण सत्त्याऐंशीच्या सुमारास बन्सीधर नावाच्या माणसानं बाजाराच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मांडला, खिडक्यांना पोती लावली, आणि नांदेडहून कॅसेटी आणायला लागला. त्यात चिनी भुतांच्या कॅसेटी लय.

चिनी मढं आपल्याकडच्या भुतासारखं नसायचं. ते हात पुढं करून ताठ उभं राहायचं, पाय जोडून टुणटुण उड्या मारत यायचं आणि सुळे रुतवून मानेचं रक्त प्यायचं. त्याच्याशी लढायला एक म्हातारा भगत असायचा. तो हवेत गिरक्या घेऊन लाथा घालायचा, मढ्याच्या कपाळावर पिवळा कागद चिकटवायचा आणि मढं जागीच थिजायचं. मारामारी सगळ्यांना कळायची, बोलणं मात्र कुणालाच कळत नसे. एका बाजाराच्या दिवशी लोक कंटाळून उठायला लागले, तेव्हा पुढं बसलेला भुजंग आपल्याच मनानं बोलला, "म्हातारबा म्हणायलाय, श्वास धरा रे. श्वास धरला की मढ्याला माणूस दिसत न्हाई."

अख्ख्या शेडनं श्वास धरला.

पुढच्या बाजाराला बन्सीधरनं त्याला स्टूल आणि माईक दिला. मग भुजंग खुलला. पडद्यावर भगत मढ्याच्या वाटेत तांदूळ टाकायचा, भुजंग त्याचे राळे करायचा. आपल्याकडं बाळंतीण मेली तर तिच्या मागं राळेच टाकतात, म्हणजे ती ते बारीक दाणे वेचत बसते आणि घरापर्यंत पोचत नाही. नामांतराच्या बंदामुळं बाजार भरला नाही, तरी दुपारच्या खेळाला माणसं चालत यायची. बायकासुद्धा यायच्या.

त्याची बायको मनकर्णा कधी गेली नाही. संध्याकाळी चुलीपुढं तो तिला मढ्यांचे आवाज काढून दाखवायचा. ती भाकरी थापता थापता हसायची आणि म्हणायची, "मेलेल्यांना पुन्हा कशाला मारायलेत?"

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत मनकर्णाचे दिवस भरले. बाजाराचा दिवस होता. भुजंग सकाळीच गंगाखेडला गेला होता. तो गेल्यावर कळा सुरू झाल्या, मुलगी झाली, पण रक्त थांबेना. सुईण सरजाबाई बाहेर येऊन भुजंगच्या थोरल्या भावाला, रायभानला म्हणाली, "माझ्या हातात आता काई न्हाई. भुजंगाला गाठ, जीप घेऊन ये." रायभान मिळेल त्या ट्रकवर चढला.

खेळ सुटला तेव्हा भुजंगला तो शेडच्या दारात दिसला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मनकर्णाला बरं न्हाई," तो म्हणाला. "जीप घे."

ते पोहोचले तेव्हा भुजंगची आई कासाबाई ओसरीत नातीला मांडीवर घेऊन बसली होती. आत मनकर्णाच्या तोंडावरून लुगडं ओढलेलं होतं.

मातीच्या वेळी रायभाननं लोहाराकडून खिळे आणले. बाळंतीण मेली की तिच्या पायांत खिळे ठोकायची रीत जुनी. पण बरीच घरं आता नुसते राळे टाकून भागवत. रायभान हट्टाला पेटला.

"न्हाई ठोकायचे," भुजंग म्हणाला.

"तूच सांगतोस ना गंगाखेडात, मढं उठतं म्हणून?"

"आली तर माझ्याकडं येईल. तू कशाला भेतोस, दादा?"

"तुझ्याकडं न्हाई येणार ती," रायभान म्हणाला.

म्हाताऱ्यांनी रायभानचं ऐकलं. दोघांनी भुजंगला धरून ठेवलं. हातोडीचे घाव पडत होते आणि ज्याची हाक माळभर जायची, त्या माणसाच्या तोंडून आवाज फुटत नव्हता. येताना रायभान खड्ड्यापासून घरापर्यंत मूठमूठ राळे टाकत आला.

तेरावं झाल्यावर भुजंग शेडमध्ये गेला. घरात बसवत नव्हतं. बन्सीधरनं त्याला चहा पाजला आणि समजूत घालावी म्हणून बोलला, "तुझ्या जबानीत जादू हाय भुजंगा. त्या दिवशी तुझा भाऊ आला ना, अर्धा खेळ झाला होता. तुला निरोप हाय म्हणला. मी म्हणलं, सांग की. तर थांब म्हणला. शेवटपर्यंत उभा राहून बघितलं त्यानं."

भुजंगनं कप खाली ठेवला. आत खेळ लागला होता. सवयीनं तो स्टुलावर जाऊन बसला. पडद्यावर मोकळ्या केसांची एक मेलेली बाई आली आणि भगतानं तिच्या छातीत लाथ घातली. लोक टाळ्या पिटायला लागले. कुणीतरी ओरडलं, "ती काय म्हणायलीय? बोल की."

भुजंग माईकमध्ये म्हणाला, "मला चिनी येत न्हाई." माईक स्टुलावर ठेवून तो बाहेर पडला तो गावाकडं चालत सुटला.

रायभान मेंढरांच्या जाळीजवळ होता. भुजंगला बघून तो उठला नाही.

"दारात कशाला थांबलास?"

रायभान जाळीची गाठ आवळायला लागला. "म्हातारा मढ्यांमधी कोंडला होता. तू म्हणलास, आता बघा कसा सुटतो. मी म्हणलं, येवढं बघून हाक मारावी."

"मग?"

"मग तो सुटला. अन् दुसरं मढं आलं."

भुजंगनं हातातली काठी वर उचलली. समोर कासाबाई नातीला घेऊन उभी होती. काठी तशीच खाली आली. नंतर त्यानं सरजाबाईला विचारलं, जीप लवकर आली असती तर? ती म्हणाली, "देव जाणे. जगलीही असती."

त्या उन्हाळ्यात त्यानं आपली मेंढरं वेगळी केली आणि आईला, लेकीला घेऊन पोखर्णीकडं निघून गेला. मागं रायभान दिवस मावळायच्या आत घरात शिरायचा आणि उंबऱ्यावर राळे टाकायचा. सकाळी कोंबड्या ते टिपून टाकत, तो पुन्हा टाकी. घरातली ज्वारी संपली तरी त्याचे राळे चुकले नाहीत. ब्याण्णव साली तो तापात गेला. भुजंग मातीला आला, खांदा दिला, आणि जेवायला न थांबता परत गेला.

विद्यापीठाचं नाव बदललं त्या साली लेक पार्वती शाळेत जायला लागली. एकदा दप्तर घेऊन निघताना तिनं विचारलं, "बा, माय कशानं मेली?"

"रक्त गेलं."

"तवा तू कुठं होतास?"

"गंगाखेडात. बोलत होतो."

"कुणासंग?"

भुजंगनं तिच्या पोलक्याचं सुटलेलं बटण लावलं, तिला शाळेच्या वाटेला लावलं आणि मेंढरं सोडली.