झिजलेला घोडेस्वार

मी संशयी माणूस आहे, हे आमच्या घरात काही गुपित नाही. दुधाची पिशवी आली की आधी तारीख बघतो. भाजीवालीचा काटा बघतो. लग्नपत्रिकेवर 'आहेर आणू नये' असं छापलेलं असलं तरी पाकीट खिशात घेऊनच जातो. बायको म्हणते, "तुमच्या पत्रिकेत गुरूच्या घरात पोलीस बसलाय." म्हणू दे बापडी! न्हावा शेव्याच्या बंदरात, कस्टममध्ये, कंटेनर उघडून आतला माल कागदाशी ताडून बघण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. कागदावर फरशी आणि आत भलतंच, हे ज्याने रोज पाहिलं त्याने विश्वास ठेवायचा तरी कशावर?

निवृत्त झाल्यावर खांदा कॉलनीतल्या फ्लॅटमध्ये एक अख्खं कपाट मी पदकांना दिलं. संस्थानिकांनी दरबारात दिलेले मानाचे तारे, जुन्या लढायांत शिपायांना मिळालेली पदकं, असं सगळं. या छंदात खोटं इतकं बोकाळलंय की खरं हाती लागलं तर आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. सुरुवातीला एका गृहस्थाने मला असाच एक तारा गळ्यात मारला होता. स्वतःला राजघराण्यातला म्हणवायचा. आजीसाहेबांनी हा तारा पदरात लपवून राजवाडा कसा सोडला, ते त्याने असं काही रंगवून सांगितलं की मी, हो मी, डोळे पुसले! घरी आणल्यावर बायकोने तो नाकाजवळ धरला. "अहो, याला नेलपॉलिशचा वास येतोय." ताऱ्यावरचं लाल मीनाकाम चक्क नेलपॉलिश निघालं. त्या दिवशी कानाला खडा लावला. वस्तू बघायची, गोष्ट ऐकायची नाही. गोष्ट जेवढी गोड तेवढी वस्तू खोटी, हे मी पुढे कितीतरी जणांना ऐकवलंय.

उरण रस्त्यावरच्या एका गावच्या सरपंचांचा फोन आला तो गेल्या वर्षी. "चिरनेरला हुतात्म्यांचा स्मारक हाय. आमचे गावातून बी मान्सं पयल्या महायुद्धाला गेली, त्यांच्या नावाचा दगड चावडीसमोर बसवतोय. चार घरांचे कागद मिळाले. पाचव्या घरात कागद नाय, नुसता मेडल हाय. भावकी बोलते, इकत आनलाय. तुमी बघून लिवून द्या. तुमी बोलाल तसा."

खोटं कशाला सांगू, छाती फुगली माझी. एका माणसाचं नाव दगडावर जाणार की नाही, ते माझ्या सहीवर ठरणार होतं.

दोन दिवसांनी त्या घरची म्हातारी आली, सोबत तिचा चाळिशीचा मुलगा. खाली मोठी पांढरी गाडी, मुलाच्या गळ्यात बोटभर जाडीची साखळी. पूर्वीची मिठागरवाली माणसं. जमीन विमानतळाच्या कामात गेली आणि दिवस पालटले. माझ्या मनात पहिली पाल तिथेच चुकचुकली. म्हटलं, बंगला झाला, गाडी झाली, आता पूर्वजही हवाय. तो काय, मुंबईच्या जुन्या बाजारात ढिगाने मिळतो.

म्हातारीने लाल फडक्याची पुरचुंडी सोडली. आतली वस्तू कपाळाला लावली आणि मग माझ्या हातात दिली. नाटक, मी मनात म्हटलं.

"भाऊ, हा आमचे आजेसासऱ्यांचा. ते बसऱ्याला—"

"मावशी, गोष्ट नको," मी हात वर केला. "काय सांगायचं ते हे पदकच सांगेल."

मुलगा काहीतरी बोलणार होता, त्याला तिनेच डोळ्यांनी दटावलं.

पहिल्या महायुद्धाचं ते चांदीचं पदक मी शेकडो वेळा पाहिलेलं. एका बाजूला इंग्रजांच्या राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा माणूस, आणि गोल कडेवर ज्याला मिळालं त्याचा नंबर आणि नाव ठोकलेलं. मी भिंग लावलं. राजाची बाजू बरी होती, मिशीचे केससुद्धा मोजता आले असते. घोडेस्वार मात्र पार सपाट! घोड्याचे पाय गेलेले, माणसाला नाक-डोळे नाहीत. एकाच पदकाच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या कशा? एक बाजू खऱ्याची आणि दुसरी साच्यात ओतलेली असली तरच. कडेवरचं नाव घासून गेलेलं, चार-दोन आकड्यांच्या नुसत्या खुणा. विकणारे लोक जुनं नाव कानशीने उडवतात, ते मला पाठ होतं. पदक छातीवर लटकवायची वरची कडी कापलेली. मोजपट्टी लावली तर केसभर लहान, वजनही कमी. ओतीव नक्कल लहानच भरते, कारण धातू थंड होताना आकसतो. आणि खाचांमध्ये लालसर काहीतरी भरलेलं. जुनं दिसावं म्हणून लोक काय काय फासतात, चहापासून बुटाच्या पॉलिशपर्यंत!

आणखी काय हवं होतं? सगळ्या बाजूंनी फोटो काढले आणि कागद लिहायला घेतला. 'सदर पदक अस्सल नाही. ओतीव नक्कल असून कडेवरील नाव खोडलेले आहे. रंग लावून कृत्रिम जुनेपणा आणलेला आहे.' खाली झोकात सही.

"काका, परत एकदा बघा ना," मुलगा आवाज चढवून म्हणाला. त्याचा आवाज चढला तसा माझा संशय पक्का झाला. खऱ्याला कशाला चढायला हवं?

म्हातारीने विचारलं, "म्हंजे हा आमचा नाय?"

"मावशी," मी म्हणालो, "हा कुणाचाच नाही."

हे वाक्य बोलून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चावडीसमोर चार नावांचा दगड बसला. सरपंचांनी फोटो पाठवला, मी तो बायकोलाही दाखवला. पुढे महिन्याभराने चंपाषष्ठी आली. सकाळी बायको देव घासायला बसली होती, चिंच आणि रांगोळी घेऊन. मी शेजारी संगणकावर पदकांचे जुने फोटो लावत होतो. हात पुसत ती उठली, माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "हा टाक कुणाकडचा हो?"

"टाक नाही, पदक आहे. खोटं."

"पदकबिदक मला माहीत नाही. हा वीराचा टाक आहे. आमच्या माहेरी आहे ना! घरातला पुरुष अवेळी गेला की त्याला चांदीच्या पत्र्यावर घोड्यावर बसवतात, देवात ठेवतात. दर सणाला घासतात. बघा, घासून घासून कसा गुळगुळीत झालाय. खाचेत कुंकूपण आहे."

फोटो मोठा केला. कानशीचे ओरखडे एका दिशेने जातात. इथे बारीक बारीक ओरखडे गोल गोल फिरलेले, अंगठ्याने घासल्यासारखे. घोडेस्वार वर ठेवलेला, म्हणून तो झिजला. राजा खाली दडलेला, म्हणून तो वाचला. देव्हाऱ्यात नीट बसावा म्हणून कडी कापलेली. शंभर वर्षं रांगोळीने घासल्यावर कडेवरचं नाव जाणारच, आणि चांदीचं माप नि वजन उतरणार नाही तर काय वाढणार? ज्या ज्या खुणेवर मी खोटं लिहिलं, ती प्रत्येक खूण कुणाच्या तरी हाताची होती. आणि म्हातारी तेच सांगायला तोंड उघडत होती तेव्हा या शहाण्याने हात वर केला!

सरपंचांना लगेच फोन लावला. म्हणाले, "खाली एका नावाची जागा हाय. कारागीर परवा येतोय, तुमी नवा कागद द्या." मी नवा कागद लिहिला, झालेली चूक स्पष्ट कबूल केली आणि दुसऱ्याच दिवशी रिक्षा केली. उरण रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत तास गेला. पण मी खुशीत होतो. चूक सुधारायला निघालेल्या माणसाला जरा जास्तच पुण्यवान वाटतं.

म्हातारी घरात एकटी होती. मला पाहून उठली, पाणी दिलं. मी ग्लास तसाच ठेवला. "मावशी, चुकलो मी. तुमचा टाक खरा आहे. शंभर टक्के खरा! नाव दगडावर लागणार, मी सांगून आलोय."

मला वाटलं होतं, ती रडेल, नाहीतर मला चार शिव्या तरी घालेल. ती खाली बसली.

"कुठे आहे तो? एकदा बघू द्या."

"सोडला," ती म्हणाली.

"कुठे सोडला?"

"खाडीत. तुमचा कागद सभेत वाचला ना, भावकी हसली. बोलली, बाजारातला देव पुजतान. मी आदी सोनारावर संशय घेतला, नव्या देव्हाऱ्यात बसवाया कडी कापताना त्यानं बदलला आसंल. मंग जावेवर घेतला. पंदरा दिस आमी दोगी बोललो नाय. मंग मनात आला, खोटा देव घरात ठेवला तर पोरांना बादंल. नारळ दिला, भात दिला नि ओहोटीच्या पान्यात सोडला."

ती देव्हाऱ्याकडे बघत होती. नव्या संगमरवरी देव्हाऱ्यात बाकीचे देव दाटीवाटीने बसवलेले.

"लढाईत बसऱ्याच्या बंदराजवल त्यांची बोट बुडाली, भाऊ. मढा काय आला नाय. हाच आला, टपालानं. टाक घडवायला घरात चांदी नव्हती, म्हनून ह्यालाच देवात बसवला. माझे सासूनं माझे हातात दिला. पन्नास वर्सं न्हाऊ घातला मी त्याला." मग म्हणाली, "बुडालेल्या मानसाला मी परत बुडवला?"

"तसं नाही, मावशी. तुम्हाला कुठे माहीत होतं? दोष माझा आहे. हे बघा, नाव लागेल दगडावर, गाव वाचेल..."

"कुठल्या तोंडानं लावू नाव? लोक इचारतील, टाक कुठं हाय?" तिने माझ्या हातातल्या कागदाकडे बोट केलं. "तो खोटा व्हता तवर मला झोप लागत व्हती. तुमी त्याला आता खरा करून ठेवलात. फाडा तो कागद. सरपंचाला सांगा, नाव नको. नि मला बोला, खोटाच व्हता."

मी तिच्यासमोर सरपंचांना फोन केला आणि नाव नको म्हणून सांगितलं. ते का म्हणून विचारत राहिले, मी फोन ठेवला. कागद फाडला. आयुष्यभर खोट्याला खरं म्हणणाऱ्यांच्या मागे लागलो; खऱ्याला खोटं म्हणायची वेळ पहिल्यांदाच आली.

"खोटाच होता, मावशी," मी म्हणालो.

तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं. तिचा विश्वास बसला नाही.