विसरलेला खडा

"डॉक्टर, अख्खा खडा पोटात विसरलात तुम्ही. लिंबाएवढा."

बाबांचा आवाज असा लागला की उल्हासनगरच्या त्या दवाखान्याखालच्या कापडाच्या दुकानातली गिऱ्हाइकं हातातली थानं टाकून वर बघायला लागली. पार अंबरनाथ पश्चिमेपर्यंत लोक आपापली पोटं चाचपत असणार, हे मी आजही शपथेवर सांगतो. आई पर्स मांडीवर घेऊन बाकावर बसली होती. डॉक्टर केबिनच्या दारात उभे राहून पेनाचं टोपण उघडझाक करत होते.

खडाबिडा काही नव्हता. महिन्याभरापूर्वी याच डॉक्टरांनी आईची खड्यांनी भरलेली पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढली. ती रीतीप्रमाणे तपासायला गेली आणि तिच्यात कॅन्सर निघाला. मी खुशीत म्हटलं, पिशवीच काढली म्हणजे कॅन्सरही गेला की. डॉक्टरांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. पिशवी यकृताला चिकटलेली असते, म्हणाले. तिथला यकृताचा तुकडा आणि आजूबाजूच्या गाठी काढायला हव्यात. टाके बघायचेत असं आईला सांगून केलेल्या स्कॅनमध्ये कॅन्सर कुठे पसरलेला दिसत नव्हता. आत्ता ऑपरेशन केलं तर पुढची वर्षं मिळण्याची आशा होती. थांबलो तर नंतर सुरी लावण्यातही अर्थ उरला नसता.

आणि आईने तर पहिल्या ऑपरेशननंतर घरी येतानाच जाहीर केलं होतं, आता प्रत्यक्ष देव आला तरी त्या टेबलावर झोपणार नाही. त्यात कॅन्सर शब्द ऐकला तर ती हायच खाईल, हे मी आणि बाबांनी परस्पर ठरवून टाकलं. मांजर्लीच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात आम्ही दोघं आठवडाभर इतक्या येरझाऱ्या घातल्या की फरशी झिजून खालच्यांचा पंखा दिसायला लागला. शेवटी हे नाटक मी रचलं. डॉक्टरांना आधी भेटून हातापाया पडलो. ते म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही. तुम्ही ओरडा, मी गप्प बसेन. पण सही त्यांचीच लागेल, आणि सहीआधी मी त्यांना सगळं सांगणार."

खडा हरभऱ्याएवढा ठरला होता. बाबा रंगात येऊन लिंबावरून मोसंबीवर गेले, मग कोर्टावर. रांगेतल्या एक सिंधी काकू "हमको नहीं कराना" म्हणत चपला घालून निघूनच गेल्या.

मी आईला खाली आणलं. म्हटलं, आई, तेवढा खडा काढून टाकू या ना, छोटंसंच तर काम आहे.

वर बाबांचं चालूच होतं. आईने पर्सची चेन लावली.

"खरंच चिडले की ते जेवण सोडतात, ओरडत नाहीत. आणि टाके बघायला कुणी स्कॅन करत नाही. कॅन्सर आहे ना? मग वर जाऊन तारीख घे."