गोठ्यातला वीरगळ आणि न दिलेलं लोकेशन

विचारा अजून. विचारून दमलात तर पाणी प्या आणि परत विचारा. लोकेशन मिळणार नाही.

रविवारी मी पेजवर एका वीरगळाचा फोटो टाकला आणि संध्याकाळच्या आत काढूनही टाकला. त्यावरून तुम्ही जे जे लिहिलंय ते सगळं वाचलंय मी. ‘वारसा सगळ्यांचा असतो, तुझ्या एकटीचा नाही.’ ‘रिसॉर्टवाल्यांनी काही दिलं का गं?’ एकाने तर मागच्या कौलांवरून गाव ओळखायला घेतलं. चुकला, बरं झालं. आता सगळी ट्रिप सांगते, मग काय भांडायचं ते भांडा.

मला घरात बसवत नाही. शनिवारी रात्रीपर्यंत चार वेळा बॅग भरून चार वेळा रिकामी केली होती. किल्ले नकोत, लेणी नकोत, सगळे तेच करतात. मग सुचलं, फक्त पाट्या वाचत फिरू. मावळात इतिहास सांगणारे जेवढे फलक दिसतील तेवढे, एका दिवसात, स्कूटरवर.

उजाडता उजाडता पुणं सोडलं. जुन्या हायवेनेच जा, एक्सप्रेसवेवर दुचाकी घेत नाहीत. तळेगाव सोडल्यावर हात गारठतात, हातमोजे ठेवा. कामशेतला मिसळ खाल्ली. तर्री वेगळी मागा, नाहीतर न विचारता ओततात आणि पुढचे दोन तास तुम्ही फक्त पाणी शोधता. लेण्यांत जाणार असाल तर तिकीट आहे, सुट्टे ठेवा, तिथे नेट रडतं.

पाट्यांचं म्हणाल तर पहिलीवरचा इतिहास उन्हाने उडाला होता, उरलं होतं फक्त ‘नुकसान केल्यास कारवाई होईल’. दुसरीच्या बरोब्बर मधे कुणीतरी एनए प्लॉटची जाहिरात डकवलेली. तिसरीवर लिहिलं होतं ‘येथे नावे लिहू नयेत’ आणि त्याखाली एका मुलाचं आणि एका मुलीचं नाव, मधे बदाम. मला हसू आलं आणि मग रागच आला. कुठेही पाच मिनिटांच्या वर थांबले नाही. वाचायला काही असेल तर थांबणार ना.

तिकोणा पेठेत पोहे आणि चहा. टपरीवाल्या ताईंनी वर गडाकडे हात केला.

“चडायचं न्हाई? मग आलीस कशाला?”

“पाट्या वाचायला.”

“मग ही वाच की,” म्हणत त्यांनी स्वतःची पाटी दाखवली. चुलीवरचे जेवण मिळेल.

तिथून पवना धरणाचं पाणी सोबतीला घेत रस्ता दुधिवऱ्याच्या खिंडीकडे जातो. खड्डे आहेत, पण एवढा सुंदर रस्ता की खड्ड्यांचा राग येत नाही. आणि इथून लोणावळ्याअलीकडच्या औंढ्यापर्यंतचा रस्ता मी लिहिणार नाही. कुठेतरी वळले. खिंडीच्या अलीकडे असेल, पलीकडे असेल.

भातकापणी चालू होती. वस्तीतली सगळी माणसं खाचरात, घरी फक्त एक आबा. ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते.

“काय शोदतीस?”

“आबा, गावात इतिहासाची पाटी आहे का कुठे?”

“पाटी न्हाई. इतिहास हाय,” म्हणाले आणि उठलेच. “चल.”

घरामागे गोठा. आत एक गाय, एक वासरू, वैरण आणि मागच्या भिंतीत अर्धा बसवलेला दगड. माझ्या छातीएवढा उंच. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. मग डोळे सरावले. सगळ्यात खाली गुरं, एकामागे एक, शिंगं अजून टोकदार. त्यांच्या पुढे आडवा पडलेला एक माणूस. मधल्या चौकटीत अप्सरा त्याला वर नेतायत. त्याच्या वर तोच माणूस, शंकराच्या पिंडीपुढे हात जोडून बसलेला. माथ्यावर सूर्य आणि चंद्र. पळवून नेलेली गुरं सोडवताना मेलेल्या माणसासाठी उभारलेला दगड. पडलेल्या माणसाला तोंड राहिलेलं नाही, झिजून गुळगुळीत झालंय.

“आमचा मानूस हाय,” आबा म्हणाले. “गुरांसाटी मेला. गडाला पाटी हाय, धरनाला हाय, त्या सेल्फीच्या जागंला पन हाय. ह्याला न्हाई. आता नातवाला इचारलं तर म्हंतो दगुड हाय. मी गेलो की दगुडच ऱ्हाईल. तू टाक फोटू. गावाचं नाव टाक.”

आणि मी टाकला. तिथेच उभी राहून. फोटो गेला आणि नेट अडकलं, गावाचं नाव टाकायचं राहिलं. थोड्या वेळाने नेट आलं आणि फोन थरथरायला लागला.

“ह्यो आकडा कसला?”

“बघितलेल्यांचा.”

“इतकी मान्सं?” आबांनी टोपी काढून परत घातली. “आमच्या गोट्यात?”

तेवढ्यात मावशी आल्या, आबांची सून. खाचरातून थेट, हातात चरवी. मला बघून हसल्या, गाईखाली बसल्या आणि दुधाची पहिली धार चरवीत नाही, दगडावर मारली. पडलेल्या माणसाच्या तोंडावर. रोज मारतात, त्यांच्या सासूबाईही मारायच्या. तोंड का झिजलंय ते मला तेव्हा कळलं.

आबा खुशीत सांगून बसले. “पोरीनं फोटू टाकला. लय जनांनी बगितला.”

धार थांबली. “कुटं टाकला?”

मी सांगितलं.

“काड.”

“ऱ्हाऊ दे!” आबा म्हणाले.

“काय ऱ्हाऊ दे? लेण्याखाली माजं म्हायेर हाय, तितं बगितलंय मी. भिंत पडली तर परवानगी, पत्रा बदलायचा तर परवानगी. उद्या ह्याला कुनी बगाय आलं, मापं घेतली, की माजी खोली ऱ्हायली.”

गोठ्याला लागून पाया खणलेला होता. एक खोली आणि न्हाणीघर. मावशींचा मुलगा तळेगावला कंपनीत आहे, तिथेच भाड्याच्या खोलीत राहतो. त्याची बायको म्हणते, आत न्हाणीघर झालं की इकडे राहायला येते. नात आता बोलायला लागलीय, फोनवर.

“घर काय,” आबा म्हणाले, “आज हाय, उद्या न्हाई.”

“आज हाय म्हनूनच बांदायचंय.”

लेण्यांभोवती बांधायला परवानगी लागते तो कायदा एका गोठ्यातल्या दगडाला तसाच लागतो का, मला माहीत नाही. ‘माहीत नाही’ म्हणून मी कुणाचा पाया अडवायचा का, हे तुम्ही मला सांगा. नको, नका सांगू.

मावशींनी चहा दिला, त्याच दुधाचा. “तुजं तू बग,” एवढंच म्हणाल्या. निघताना आबा गाडीपर्यंत आले.

“ठिवलास न्हवं?”

“ठेवला, आबा.”

औंढ्याला गाडी बाजूला घेतली आणि फोटो काढून टाकला. पुढचं काही नीट आठवत नाही. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांची रांग होती. रविवारी दुपारनंतर तिथे अडकू नका. खंडाळ्यापर्यंत उगाच जाऊन आले, दरीच्या कठड्याशी एक छान, स्वच्छ, न उडालेली पाटी होती. वाचली नाही.

घरी येऊन चार दिवस झाले. बूट अजून दारातच आहेत. डोक्यात राहिलंय ते गुळगुळीत तोंड आणि आबांची टोपी. त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे. त्यांना वाटतंय लोक अजून बघतायत.

दगडाचं या पोस्टमध्ये वर जे लिहिलंय, खालच्या गुरांपासून माथ्यावरच्या चंद्रापर्यंत, तीच त्याची पाटी. मला जमली तेवढी. तीच आबांना वाचून दाखवायला निघालेय, आणि फोटो पेजवरून काढला तेही तोंडाने सांगायला. ते विचारतील, गावाचं नाव कुठाय? उत्तर अजून सापडलेलं नाही. कामशेतपर्यंत सापडलं तर ठीक.

कमेंट बंद केल्यात. गाडी खाली चालू करून आलेय. जाते.