शिवाप्पाच्या जोत्यावरची लाल खूण

जमीन दाबली की खचते, पण किस्से दाबले की वर येतात! आमच्या माती तपासणीच्या ऑफिसात तर ते रोजच वर यायचे. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झालेला, त्यात दुष्काळ. जिकडेतिकडे नव्या कचेऱ्या बांधायच्या होत्या आणि कुठली जमीन किती खचेल ते आम्ही सांगायचं.

* * *

आमचे सावंत साहेब थेट कोकणातून बदलून आले. खाडीच्या चिखलात पूल किती खचेल याचे अंदाज काढण्यात त्यांचा जन्म गेलेला. पहिल्या दिवशी साइटवर आले ते गुडघ्याएवढे गमबूट घालून! इथं काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. साहेब वाकले, खिशातलं पेन भेगेत पडलं ते पडलंच. शेजारचा हॉटेलवाला शिवाप्पा म्हणाला, "साहेब, तुमच्याकडली माती माणूस बुडवती. आमची गिळती!"

* * *

टेस्टच्या आधी मातीचा नमुना पाण्यात भिजवावा लागतो. त्यामुळे टँकर आला की आमचा शिपाईही घागर घेऊन रांगेत. हे पाणी मातीला लागतं म्हटल्यावर एक आजी कडाडली, "माणसाच्या नरड्याला कोरड, अन् तुम्ही मातीला पाजायलात?"

साहेबांना ते लागलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या आंघोळीची बादली मातीला! त्या उन्हाळ्यात साहेबांच्या फार जवळ कोणी बसत नसे.

* * *

आता शिवाप्पाचं. नव्या कचेरीची जागा त्याच्या हॉटेलासमोरच होती. कचेरी येणार या भरवशावर त्यानं लातूरजवळच्या मुरुडचं चालतं दुकान बंद करून इथं पक्कं हॉटेल बांधलं. जागा बदलली तर गडी गाळात!

साहेबांनी कोकणातली पद्धत लावली. जागेवर मुरमाचा मोठा ढीग घालायचा आणि त्या ओझ्यानं जमीन किती खाली जाते ते बघायचं. चार बोटांच्या वर गेली की जागा रद्द. पण मोजायला हलणार नाही अशी एक पक्की खूण हवी. आसपास पक्कं बांधकाम एकच, शिवाप्पाच्या हॉटेलचं जोतं. साहेबांनी स्वतः त्यावर लाल खूण केली.

दर सोमवारी मी त्या खुणेवरून ढीग मोजायचो. शिवाप्पा कढईतली भजी सोडून माझ्यामागं उभा.

"खाली गेलं का हो?"

"नाही."

"शिवा शिवा!" म्हणत तो करपलेली भजी काढायला पळायचा.

उन्हाळा सरला, ढीग केसभरही हलला नाही! साहेबांनी जागा पास केली, रिपोर्ट मुंबईला गेला. शिवाप्पानं अख्ख्या ऑफिसला फुकट चहा पाजला. त्याचा चेहरा बघून मलाही भरून आलं.

"हॉटेल छान चाललंय तुमचं," साहेब म्हणाले.

"तुमची किरपा! अन् जागा बी लई गुणाची हाय साहेब. पाडव्याला लोक रस्त्यावरून पायरी चढून आत येत व्हते. आता पायरी उतरून यायलेत. म्हाताऱ्या माणसाला लई सोपं!"

साहेबांनी एकदा लाल खुणेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग कप हळूच खाली ठेवत विचारलं, "शिवाप्पा, हे आणखी कोणाला सांगितलंत?"