दिराचे अल्पाका

कोपरखैरण्यात माझं ब्युटी पार्लर आहे. आजवर मी बायकांच्या भुवया कोरल्या, नवऱ्या मुली सजवल्या, एकदा एका नगरसेवकाच्या मिशांना कलपही लावून दिला. पण जनावराला ड्रायर लावायची पाळी माझ्यावर येईल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला दाराबाहेर काढलं असतं. ती पाळी माझ्या धाकट्या दिराने आणली.

माझं माहेर साताऱ्याकडचं. वडील मार्केटात माथाडी होते. सासरचे मात्र मूळचे इथले, खाडीकाठच्या गावातले. जमिनी गेल्या, शहर आलं, गावठाणात भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या. खाडीच्या बाजूला एक तुकडा तेवढा उरला होता, तिथे सासूबाई शेळ्या बांधायच्या. माझा नवरा नोकरी करायचा, सासूबाई शेळ्या बघायच्या आणि दीर मोबाइल बघायचा.

मोबाइलवरच कुठेतरी त्याने परदेशातलं एक शेत पाहिलं. तिथे लोक तिकीट काढून जनावरांना मिठ्या मारत होते. झालं. आमच्या तुकड्याला बांबूचं फाटक लागलं, दिव्यांच्या माळा लागल्या, कॉफीचं मशीन आलं. मग जनावरं यायला लागली. ससे आले, बदकं आली, एक टर्की आली. निळ्या डोळ्यांचा, बर्फाळ मुलखातला हस्की कुत्रा आला, सोनेरी केसांचा एक आळशी कुत्रा आला. सासूबाईंच्या शेळ्यांना मागच्या कोपऱ्यात ढकललं, कारण शेळीला कोण मिठी मारणार? आणि शेवटी एका सकाळी टेम्पोतून दोन अल्पाका उतरले.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. मेंढीच्या अंगाला उंटाची मान लावायची आणि वर चेहऱ्यावर नव्या बिल्डरचा माज चढवायचा, म्हणजे अल्पाका होतो. एक पांढरा होता, एक तपकिरी. दिराने त्यांना इंग्रजी नावं ठेवली होती. ती मी एकदाही उच्चारली नाहीत.

सासूबाई दोघांभोवती एक चक्कर मारून आल्या.

"दूध देतान?" त्यांनी विचारलं.

"नाय," दीर म्हणाला.

"मटन?"

"आये, गप ना."

"मंग कशाला आनलं?"

दीर अल्पाकांचे फोटो काढायला लागला.

"थंड डोंगरातलं जनावर आहे म्हणतात. इथे दमट हवेत कसं राहील?" मी विचारलं.

"वयनी, तू नको टेन्शन घेऊ. बंगलोरच्या साईडला एकाकडं व्हतं, तिथं मस्त रायलं." इथल्या घरांत दीर वहिनीला सरळ अगंतुगं करतो. लग्नानंतर बरेच दिवस मला ते टोचायचं. अल्पाका आल्यावर टोचायला दुसऱ्या गोष्टी मिळाल्या.

पहिली म्हणजे केस. त्या लोकरीत गवत, माती, बदकांची पिसं, सगळं अडकायचं. रविवारच्या गर्दीआधी ते साफ हवं म्हणून दीर मला बोलावून न्यायचा. घरात पार्लरवाली असताना बाहेरचा माणूस कशाला, हा त्याचा हिशेब. मी ड्रायर आणि कंगवे घेऊन जायचे. पहिल्याच दिवशी पांढऱ्याने कान मागे पाडले, मान उंच केली आणि तो माझ्या तोंडावर थुंकला. आंबलेल्या गवताचा तो हिरवा रस दोन अंघोळी केल्या तरी नाकातून जाईना. दीर पोट धरून हसला आणि म्हणाला, "तुला ओलखला त्यानी." त्याने ते शूटही केलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे अल्पाकांची कुत्र्यांशी लावलेली दोस्ती. हस्की आणि पांढरा अल्पाका खांद्याला खांदा लावून बसलेत, असा फोटो त्याला हवा होता. हस्की अल्पाकाकडे कसा बघायचा हे ज्याला डोळे आहेत त्याला दिसत होतं. मी बिर्याणीकडे तशी बघते. अल्पाका पाय आपटायचे, शिट्टी फुटल्यासारखे किंचाळायचे. एकदा हस्कीने तपकिऱ्याला कुंपणाभोवती पळवलं आणि त्याची मागची लोकर तोंडात घेऊन आला. दिराने त्याचा व्हिडिओ गाणं लावून टाकला. खाली लोकांनी बदाम पाठवले आणि लिहिलं, किती गोड खेळतात!

खरी सोबत करणारी होती ती गावातली काळी कुत्री. तिचा एक कान फाटलेला, अंगावर खरजेचे जुने डाग. ती आपली आपण येऊन तपकिऱ्याशेजारी मुटकुळं करून झोपायची आणि तो तिच्यापाशी शांत रवंथ करत बसायचा. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. फोटो काढायला आलेल्या बाया मात्र म्हणायच्या, "तेवढी ती कुत्री बाजूला करा ना, फ्रेममध्ये येते."

या बायांना मी चांगली ओळखते. यांच्यातल्या निम्म्या माझ्या खुर्चीत बसलेल्या आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर भटक्या कुत्र्यांना खायला घालणाऱ्यांशी ज्या तावातावाने भांडतात, त्याच इथे येऊन प्राण्यांवरच्या प्रेमाच्या इंग्रजी फलकाखाली बदकाला छातीशी धरून उभ्या राहायच्या. बदक हगलं की किंचाळून फेकून द्यायच्या. मला हे सगळं माहीत आहे, कारण भुवयांना दोरा लावला की बाई काहीही लपवत नाही.

मार्च संपता संपता उकाडा वाढला. हस्कीला एसीची खोली मिळाली, कारण हस्कीला गरम होतं हे दिराने ऐकलं होतं. अल्पाकांना शेडमध्ये एक कूलर दिला. खाडीच्या त्या ओलसर हवेत कूलर म्हणजे आणखी वाफ. पांढरा दिवसभर बसून राहायला लागला. मी लोकरीत हात घातला तर आत भट्टी होती.

"याचे केस काप," मी दिराला म्हटलं. "मेंढ्यांचे कापतात तसे."

"वयनी, येडी झाली का? केस कापलं त मंग रायला काय? बकरीच ना ती. बकरी बगायला कोन येनार हाय?"

"जिवंत बकरी बरी की मेलेला अल्पाका?"

"पावसाच्या आदी कापू. आता सीझन हाय," तो म्हणाला आणि बुकिंगचा फोन घ्यायला वळला.

ते बुकिंग सीवूड्सच्या एका बाईचं होतं. तिच्या मुलाचा वाढदिवस. रविवारी दुपारी उन्हातच सगळे आले, कारण बाईंच्या म्हणण्याप्रमाणे त्या वेळी प्रकाश चांगला असतो. मी सकाळपासून दोन्ही अल्पाकांना विंचरत होते. पांढऱ्याच्या गळ्यात निळ्या रिबिनीचा मोठा बो बांधला होता, डोक्यावर कागदी टोपी, तिचं रबर जबड्याखालून घट्ट.

केक कापला आणि मुलं पांढऱ्याकडे धावली. तो उभा होता तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर कलंडला. तोंड उघडं, खालचा ओठ लोंबलेला, बरगड्या भात्यासारख्या वरखाली.

"ऑ, तो दमला!" बाई म्हणाली. "पटकन या सगळे, किती क्यूट लोळलाय. बघा, हसतोय तो!"

आणि माझा दीरही म्हणाला, "हां, हसतो तो. फोटोची सवय हाय त्याला."

मी पुष्कळ मूर्खपणा जवळून पाहिला आहे, पण मरायला टेकलेल्या जनावराभोवती टोप्या घालून पोज देणारी माणसं मी त्या दिवशीच पाहिली. एक मुलगा त्याच्या अंगावर बसला होता. मी त्याला बखोटीला धरून उठवलं, टोपीचं रबर तोडलं आणि पिशवीतून कात्री आणि केस कापायचं मशीन काढलं.

"अहो, हे काय करताय तुम्ही?" बाई ओरडली. "आमचे फोटो व्हायचेत अजून!"

"हे गेलं तर कुणाबरोबर काढणार?" मी म्हटलं आणि कात्री घातली.

मुलांनी भोकाड पसरलं. दीर माझा हात धरायला आला. तेवढ्यात सासूबाई मागून शेळ्या सोडून आल्या, त्याला खांद्याने बाजूला सारलं आणि फतकल मारून बसल्या.

"काप गो तू. मान माज्याकडं दे."

कापणं सोपं नव्हतं. मशीन त्या लोकरीत दोनदा अडकलं आणि बंद पडलं. मग नुसत्या कात्रीने जमेल तसं कापलं. पोट, काखा, बाजू. एका ठिकाणी कातडीला लागलं, रक्त आलं. दिराने वाशीच्या कुत्र्यांच्या डॉक्टरला फोन लावला. तो म्हणाला, हे जनावर मी कधी हाताळलं नाही, पण पोटावर आणि पायांवर पाणी मारा, मी निघतो. काळी कुत्री लांब उभी राहून एकसारखी भुंकत होती. पाहुण्यांपैकी कुणीतरी माझं कापणं शूट करत होतं, आणि एक छोटी मुलगी लोकरीचे पुंजके गोळा करत होती. तिची आई म्हणाली, "घे बेटा, आठवण म्हणून."

डॉक्टर पोचायच्या आधीच पांढरा गेला. सासूबाईंच्या मांडीवर मान होती. त्यांनी त्याचे डोळे मिटायचा प्रयत्न केला, ते मिटेनात, तेव्हा पदराने त्याचं तोंड पुसलं आणि उठल्या.

दीर शेडच्या मागे जाऊन रडला. मी पाहिलं. ते रडणं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मला जास्त संताप आला. एवढं प्रेम होतं तर त्याला एक गोष्ट का ऐकू येऊ नये? बदमाश असता तर बरं झालं असतं. बदमाशाला निदान शिव्या घालता येतात.

संध्याकाळी त्याने पांढऱ्याचा फोटो टाकला. पंख लावलेला, ढगांत उभा. आमचं बाळ देवाघरी गेलं, असं लिहिलं होतं. खाली रडक्या चेहऱ्यांचा पूर आला. त्यात वाढदिवसाच्या बाईने मोठ्या मनाने लिहिलं होतं: त्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही त्याच्यासोबत होतो, हे आमचं भाग्य. सोबत केकचा फोटो.

दुसऱ्या दिवशी दीर माझ्या पार्लरच्या दारात येऊन उभा राहिला. आत बाया होत्या, म्हणून तो आत येईना. "वयनी, त्या दुसऱ्याचं कापतेस?" त्याने खाली बघत विचारलं. मी आतल्या बायांचं आटपलं, शटर ओढलं आणि गेले. या खेपेला त्यानेच मान धरली. तपकिरी त्याच्या शर्टावर थुंकला, तरी तो हलला नाही. कापून झाल्यावर आतून जे निघालं ते खरंच बकरीएवढंच होतं, लांब मानेचं आणि मोठ्या डोळ्यांचं. हस्कीने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. काळी कुत्री आधी गुरगुरली, मग जवळ जाऊन हुंगलं आणि नेहमीच्या जागी पडली.

गर्दी मात्र आटली. दीर एका बाबतीत बरोबर होता, भादरलेल्या अल्पाकाला बघायला कुणी आलं नाही. एकीने फोनवर विचारलं, "केस कधी येणार परत?" पावसाळ्याआधी तपकिऱ्याला कर्जतकडच्या एका घोडेवाल्याने नेलं. त्याच्याकडे डोंगराची हवा आहे, सावली आहे, आणि मुख्य म्हणजे कॉफीचं मशीन नाही. हस्की एका डॉक्टरीण बाईंना दिला. ससे आणि बदकं कुठे गेली ते मी विचारलं नाही. सासूबाईंनी टर्कीचं काय केलं ते आम्ही सगळ्यांनी खाल्लं.

माझ्या कापण्याचा तो व्हिडिओ सगळीकडे फिरला आणि माझं पार्लर काही दिवस भलतंच गाजलं. लोक खिडकीतून बघून जायचे. एका बाईने तिचा कुरळ्या केसांचा पूडल कुत्रा आणला आणि म्हणाली, "तुम्ही प्राण्यांचंही करता ना?" मी तिला विचारलं, "त्याला करून घ्यायचंय का?" तिला प्रश्नच कळला नाही.

आता त्या तुकड्यावर दिराने क्रिकेटचा टर्फ टाकला आहे. हिरवंगार प्लास्टिकचं गवत, भोवती जाळी, मोठे दिवे. सासूबाईंनी शेळ्या पलीकडच्या बोळात हलवल्या. उद्घाटनाला त्याने मला हाताला धरून आत नेलं, वाकून ते गवत कुरवाळलं आणि म्हणाला, "बग वयनी, याला चारा लागत नाय, पानी लागत नाय, गरम पन व्हत नाय."

मी चप्पल काढून त्यावर पाय ठेवला. चटका बसला. मी त्याला तसं सांगितलं आणि पार्लर उघडायला निघून आले.