माझा ढोल, त्याचा पाय

खोटं कशाला सांगू, मी त्याच्यावर जळायचो. थोडाथोडका नाही, अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. तो माझा चुलतभाऊ, माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान, म्हणून मला भाऊ म्हणायचा. आमची वावरं बांधाला बांध लागून होती, मिरची-वांग्यांची आणि पऱ्हाटीची. शाळेत एकाच दिवशी गेलो, छड्याही एकाच मास्तरांच्या खाल्ल्या. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-चार वर्षं झाली असतील, तेव्हा गावातल्या आम्ही तरण्या मंडळींनी बँड काढला. त्यातही दोघं सोबतच शिरलो.

बँड म्हणजे काय, तर एक क्लॅरिनेट, दोन पिपाण्या, झांजेवर तेवढे एक म्हातारे काका, एक खुळखुळेवाला, त्याच्या गळ्यात साइड ड्रम आणि माझ्या गळ्यात मोठा ढोल. लग्नात लोक आधी माझ्याकडे पाहायचे. ढोलाचा ठोका छातीत बसतो. देऊळघाटच्या एका लग्नात तर नवरीचा आजा काठी टाकून माझ्यासमोर नाचला होता. त्या दिवशी मी घरी जमिनीवरून चालत आलो नाही.

मग तो कुठल्याशा लग्नाला मलकापूरला गेला आणि तिथं त्यानं मुंबईचा ऑर्केस्ट्रा पाहिला. परत आला तो वेड लागल्यासारखा. म्हणाला, "भाऊ, एकच मानूस बसलेला, अन् चारी बाजूनं ढोलच ढोल! दोन हात, दोन पाय, सारे चालून राह्यले त्याचे." मी म्हणालो, "मंग काय त्याले हात कमी पडले होते?" सगळे हसले. तोही हसला, पण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं.

आठ दिवसांत त्यानं साइड ड्रम गळ्यातून काढून तिवईवर ठेवला आणि स्वतः स्टुलावर बसला. मग वनस्पती तुपाचे दोन डबे आणले, एक मोठा, एक लहान, आणि त्यांच्यावर बकऱ्याचं कातडं चढवलं. झांजवाल्या काकांची झांज खाटेच्या मोडक्या पायावर खिळ्यानं बसवली आणि तीही काठीनं वाजवायला लागला. काकांना गुडघेदुखी होती, ते आनंदानं घरी बसले. खुळखुळा त्यानं स्वतःच्या डाव्या पायाला बांधला. खुळखुळेवाल्यालाही काही वाटलं नाही, तो पिपाणी शिकायला लागला. पुढच्या सुगीपर्यंत डबे पाच झाले आणि मोडक्या वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, दोरीनं टांगून तिची घंटा झाली. प्रत्येक नवी वस्तू आली की गावातली पोरंबाळं पाहायला जमायची आणि हा त्यांना हौसेनं वाजवून दाखवायचा. मी ओट्यावर बसून सुपारी कातरत राहायचो. आग लागो त्या डब्यांना, असं मनातल्या मनात म्हणायचो.

तरी मला वाटायचं, असू दे. डबे ते डबे. ढोल माझ्याकडे आहे.

एका दुपारी माझ्या गोठ्यात गेलो तर माझा ढोल जमिनीवर आडवा. पुढ्यात सायकलीच्या पायट्याला जोडलेला एक लोखंडी दांडा, दांड्याच्या टोकाला घोंगडीचा बोळा. हा स्टुलावर बसून पायटा दाबत होता आणि बोळा माझ्या ढोलावर धप्प धप्प आदळत होता.

"हे काय बे?"

"भाऊ, रागावू नोको. मी एक नवीन ठेका बसवून राह्यलो. चार मात्रेचा नाही, सातचा. त्याचं मोजमाप मले तोंडानं सांगता येत नाही, माह्या पायालेच समजते. तू गाडी धर ना. एवढं सारं सामान आता गाडीशिवाय हालतच नाही."

म्हणजे पाहा. ढोल माझा, गाडी माझी, बैल माझे आणि वाजवणार हा! बोललो असतो तर रडलो असतो, म्हणून बैलांना वैरण टाकायला वळलो. दोन लग्नसराया मी वरातीपुढे बैलांचा कासरा धरून चाललो. मागे गाडीवर हा बसलेला, चहूकडे डबे, वर झांज, पायाशी माझा ढोल. नवरदेव घोड्यावर असायचा आणि लोक गाडीकडे पाहायचे. गावोगावच्या बाया मला विचारायच्या, "तो वाजवणारा तुमचा कोन लागते?" मी म्हणायचो, "कोनी नाही." बैलसुद्धा त्याच्या ठेक्यावर माना हलवायचे.

मग मोताळ्याच्या यात्रेत बँडची चढाओढ ठरली. दसऱ्यानंतर महिनाभरानं. अख्खा तालुका जमणार होता. मी तिथंही बैल धरून उभा राहणार, हे चित्र डोळ्यांसमोर आलं आणि मला जेवण जाईना.

दसऱ्याला मारुतीच्या देवळात आम्ही वाद्यांची पूजा मांडायचो. त्या वर्षी हळदकुंकू वाहून झालं, नारळ फुटला, आणि मी सगळ्यांसमोर ढोलावर हात ठेवला. आवाज माझा कापत होता, लोकांना वाटलं भक्तीनं. म्हणालो, "ज्याले आता हात जोडले, त्याले उद्या लाथा मारणार का? तो वर्षभर लाथ मारते याले. हे चालते का देवाले?"

म्हातारी मंडळी एकमेकांकडे पाहायला लागली. आमचे चुलत आजोबा वयानं सगळ्यांत मोठे. ते घसा खाकरून म्हणाले, "बरोबर हाये त्याचं. वाद्याले पाय नाही लावाचा. ढोल ज्याचा त्याले देऊन टाका." झालं. मी जिंकलो. पाय लागणं हे पाप आहे असं मला खरंच वाटत होतं का? छे! माझ्या पोटात दुखत होतं, बाकी काही नाही.

तो माझ्याजवळ आला. "भाऊ, ढोल पाह्यजे होता तं मले म्हनाचं होतं. इथं काऊन बोलला?" त्याचे डोळे भरून आले होते. आणि लाज वाटायच्या ऐवजी मला बरं वाटलं. हेही सांगून टाकतो.

त्यानंतर तो तीनदा माझ्या घरी आला. सातचा ठेका त्याला यात्रेत वाजवायचाच होता. दोन वर्षं त्यानं त्याच्यासाठी घालवली होती. म्हणायचा, "भाऊ, एक डाव बसू ना सोबत. तीन अन् चार असं धर, चुकत नाही." मी म्हणायचो, "मले ढोल शिकवतं का बे तू? अरे हट!" तिन्ही वेळा त्याला चहासुद्धा न विचारता परत पाठवला. चौथ्यांदा तो आला नाही.

यात्रेच्या दिवशी दुपारी मैदानात गाडी उभी केली, बैल सोडले. तो गाडीवर चढून आपल्या डब्यांमध्ये बसला. मी खाली, चाकाशेजारी, गळ्यात ढोल, डोक्यावर नवा फेटा. समोर माणसंच माणसं. पहिलं गाणं नेहमीचं होतं, झकास झालं. मग क्लॅरिनेट थांबली आणि त्यानं एकट्यानं सुरू केलं. डबे, झांज, वखराची पास. काय वाजवलं हो त्यानं! माणसं तोंडाला पदर आणि हात लावून ऐकत होती. मग त्यानं मान हलवली, म्हणजे आता ढोल.

मी ठोका दिला. चुकीच्या जागी. पुन्हा दिला, पुन्हा चुकला. माझा हात लग्नातल्या चारच्या सवयीचा, तो आपोआप तिथंच जाऊन पडायचा आणि त्याचा ठेका तोवर पुढे निघून गेलेला असायचा. तीन अन् चार, तीन अन् चार, असं मनात म्हणायला लागलो, तर तेही विसरलो. अख्ख्या मैदानात माझा ढोल एकटा उघडा पडला. पुढच्या रांगेतली एक बाई हसली. फेट्याखालून घाम डोळ्यांत उतरला.

त्यानं एकदाच माझ्याकडे पाहिलं. आणि पाहता पाहता सातचं सगळं मोडून तो चारवर आला. देऊळघाटला नवरीचा आजा ज्यावर नाचला होता, तोच ठेका. माझा हात सापडला. मी जीव खाऊन बडवायला लागलो. क्लॅरिनेटवाला गोंधळला होता, तोही आत शिरला, आणि मैदान नाचायला लागलं.

आमचा दुसरा नंबर आला. सगळ्यांनी माझ्या पाठीवर थापा मारल्या. "ढोलवाल्यानं रंग आनला राजा!" असं जो तो म्हणत होता. काय झालं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. परतीच्या वाटेवर मी गाडी हाकत होतो, तो मागे सामानात बसला होता. मी वाट पाहत होतो, आता बोलेल, शिव्या देईल. तीन कोस वाट पाहिली. तो एकच वाक्य बोलला, "भाऊ, नाल्यावर बैलाईले पानी पाजून घे."

त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. फिटंफाट तरी झाली असती.

सातचा ठेका त्यानं पुन्हा कधी वाजवला नाही. पायटा माझ्या गोठ्यातल्या खुंटीला टांगला. मग त्याचे डबे एकेक करून घरी जायला लागले. एकात त्याच्या बायकोनं मिरचीचं बी ठेवलं, एकात सरकी. वखराची पास लोहाराकडे गेली. शेवटी तो उभ्यानं, गळ्यात साइड ड्रम अडकवून वाजवायला लागला, जसा पहिल्या दिवशी वाजवायचा. आणि ढोल माझ्या गळ्यात. मला पाहिजे होतं ते सगळं मिळालं होतं, तरी जळणं काही थांबेना. तो ठेका त्याच्या आत होता आणि माझ्या आत नव्हता, याचं काय करणार?

पुढे बँडच बंद पडला. ढोल माझ्याच गोठ्यात राहिला, दसऱ्याला तेवढं हळदकुंकू वाहायचो. एके दिवशी सगळे कापूस वेचणीला गेले होते. मी गोठ्याचं दार लोटलं, ढोल आडवा केला, खुंटीवरचा पायटा काढून पुढ्यात ठेवला आणि बसलो. हो, मीच. तीन अन् चार, तीन अन् चार. पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग रोजच, घरचे वावरात गेले की. असे दोन महिने गेले. आणि एका दुपारी तो ठेका पायात उतरला. हसत होतो की रडत होतो, मला कळत नव्हतं. नुसता पायटा दाबत होतो.

दार कधी उघडलं ते ऐकू आलं नाही. मान वर केली तर तो उंबऱ्यात उभा, हातात रिकामी टोपली. माझा पाय पायट्यावर होता आणि ढोलावरचं दसऱ्याचं कुंकू बोळ्याला लागलं होतं.

मी पाय काढला नाही, पायटा दाबतच राहिलो. काढून लपवणार कुठं?

तो हसला नाही, देवळाचा विषयही काढला नाही. थोडा वेळ ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "सातवा घाईनं घेऊन राह्यला, भाऊ. तिथं पाय जरा थांबू दे." मग टोपली घेऊन वावराकडे निघून गेला.

मी सातव्याला पाय थांबवला. त्याचंच बरोबर होतं.