कड्यावरचा गुरुवार

हा अनुभव पूर्ण सांगायचं मी आठ वर्षं टाळलं. अर्धा सांगितला, तोही पुष्कळदा. आमच्या दत्तमंदिरातल्या मंडळीत, लग्नाकार्यात, फोनवर. ऐकणारे हात जोडायचे आणि मला बरं वाटायचं. उरलेला अर्धा आता एकोणऐंशीव्या वर्षी लिहून काढतो आहे, कारण ज्यांच्या देखत तो बोलायला हवा होता ते माझे व्याही सुधाकरराव गेल्या थंडीत गेले.

माझा मुलगा अमेय न्युरेम्बर्गला इंजिनिअर आहे. त्या वर्षी मी आणि सुधाकरराव, म्हणजे सून केतकीचे वडील, एकाच वेळी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. दोघेही विधुर. ते साताऱ्याला शाळेत भूगोल शिकवायचे. स्वभावाने मऊ, आणि मुलीकडचे. हा शेवटचा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. चहाचा पहिला कप मला, गाडीतली पुढची सीट मला. मी नको म्हटलं तरी ते “अहो, तुम्ही बसा” म्हणून मागे सरकायचे. हळूहळू मी नको म्हणणंही सोडून दिलं.

मे महिन्यात ख्रिस्त स्वर्गात गेल्याची सुट्टी असते, ती नेहमी गुरुवारी येते. शुक्रवारची रजा जोडून मुलांनी आम्हाला चेक सरहद्दीजवळच्या वालुकाश्माच्या डोंगरांत नेलं. माझा गुरुवारचा उपास तीस वर्षांचा. मला मधुमेह आहे म्हणून इथे उपास करायचा नाही, असं केतकीने बजावलं होतं. सकाळी हॉटेलात मी माझा पाव हळूच नातीच्या ताटलीत सरकवला आणि खाल्लं म्हणून सांगितलं. गोळी मात्र सवयीने घेतली. हे फक्त सुधाकररावांनी पाहिलं. बाहेर पडताना हलक्या आवाजात म्हणाले, “गोळी घेतलीत, मग दोन घास खाऊन घ्या.” मी म्हणालो, “माझं आणि महाराजांचं मी बघून घेईन.”

नात तीन वर्षांची, तिला शिड्यांवर नेता येणार नव्हतं. मुलं पायथ्याच्या खानावळीत थांबली. “पहिल्या शिडीपर्यंतच हं,” केतकी म्हणाली, आणि आम्ही दोघे निघालो. त्या वर्षी पाऊस नव्हता. पाइनच्या झाडांखाली पिवळी, कोरडी वाळू घोट्यापर्यंत लागत होती. दोन्ही बाजूंना तांबूस कडे उभे, मधे अरुंद घळ. वाळवंटातून कुणीतरी एक तुकडा उचलून इथे ठेवावा तसं दिसत होतं. सुधाकरराव खडकाला हात लावून म्हणाले, हा एके काळी समुद्राचा तळ होता, आपण तळापासून वर चाललो आहोत. वर्गात असल्यासारखा त्यांचा चेहरा उजळला होता. इतकं भव्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, हे आजही कबूल करतो.

पहिल्या शिडीपाशी ते थांबले. उंचीची त्यांना भीती होती, ते त्यांनी लपवलं नाही. माझ्या पोटातली भूक एव्हाना अभिमान झाली होती. मी म्हणालो, “मास्तर, डोंगर काय फक्त नकाशातच चढायचे?” ते हसले आणि माझ्यामागे आले. मला एकट्याला सोडता येत नव्हतं म्हणून आले, हे मला तेव्हाही कळत होतं. खडकात ठोकलेल्या लोखंडी पायऱ्या, मग दुसरी शिडी, मग कठडा संपला आणि उघडी धार लागली. चार हात रुंद, दोन्हीकडे खोल दरी. पलीकडच्या माथ्यावर माणसं बसलेली दिसत होती. धारेच्या मध्यावर माझे हात थरथरू लागले, घामाने सदरा भिजला, दरीचा हिरवा रंग काळा होत गेला. मी खाली बसलो. बोलायला जीभ वळेना. मनात एवढंच आलं, दत्तगुरू, सोडवा.

सुधाकररावांनी माझा पंचा माझ्या मनगटाला आणि खडकातल्या लोखंडी कडीला बांधला. “डोळे मिटू नका, मी आलोच,” म्हणाले. मग ते हातांवर आणि गुडघ्यांवर रांगत त्या धारेवरून पलीकडे गेले. सारखे काहीतरी पुटपुटत होते. देवाचं नाव असेल असं मला वाटलं. नंतर त्यांनीच सांगितलं की ते जगातल्या नद्या उगमापासून म्हणत होते.

ते परतले तेव्हा त्यांच्यापुढे एक दाढीवाला उंच जर्मन माणूस होता. तोंडाला बिअरचा वास, आणि पाठीवरच्या सॅकमधून एका कुत्र्याचं तोंड बाहेर आलेलं. शिड्यांवर कुत्र्यांना असंच नेतात. त्याने ग्लुकोजच्या चौकोनी वड्या एकेक करून माझ्या तोंडात घातल्या. तीस वर्षांचा उपास त्या हातांनी सुटला. कुत्रा माझा कान हुंगत होता. नजर हळूहळू परत आली आणि मी त्या मुक्या जीवाला नमस्कार केला. ज्यांच्या पायाशी कुत्री बसतात त्यांनी निरोप पाठवला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. आजही तसंच मानतो. त्या माणसाने आम्हाला शेवटच्या शिडीपर्यंत हात धरून उतरवलं, “या, या”, म्हणजे हो, हो, म्हणत माझे आभार उडवून लावले आणि निघून गेला.

इथपर्यंत मी सांगत असे. पुढचं असं. खानावळीत केतकीने माझा पांढराफटक चेहरा पाहिला आणि विचारलं, “इतकं वर जायचं कुणी ठरवलं?” मी म्हणालो, “सुधाकररावांना वरचे खडक पाहायचे होते.” उपासाबद्दल अक्षर काढलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. “हो गं, माझीच हौस,” ते म्हणाले. पोरगी बापावर सगळ्यांसमोर कडाडली. परतीच्या वाटेवर अमेय त्यांच्याशी एक शब्द बोलला नाही. पुढे कुठे जायचं निघालं की ती म्हणायची, बाबांना नको, ते हट्ट करतात. ते हसून घरी थांबायचे.

मागल्या वर्षी साताऱ्याला त्यांना भेटायला गेलो तो हेच बोलायला. अंथरुणाला खिळले होते. उशाशी एक लहान बाटली होती, त्या दिवशी बुटातून निघालेली पिवळी वाळू. वर त्यांच्या अक्षरात चिठ्ठी होती, ‘समुद्रतळ’. “तुमच्यामुळे पाहिलं,” म्हणाले, “नाहीतर मी कुठला चढतो?” मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुट्टीवर आलेली केतकी चहा घेऊन आली. पहिला कप मला. मी म्हणालो, चहा छान झालाय.

शरण जाणं म्हणजे कड्यावर देवाला हाक मारणं, असं मी समजत होतो. तेवढं तर भीतीही करून घेते. दाढीवाल्या अनोळखी माणसात मला महाराज त्याच क्षणी दिसले. पण त्याला आणायला जो माणूस स्वतःची भीती गुडघ्यांखाली घालून रांगत गेला, त्याला ओळखायला मला आठ वर्षं लागली. महाराजांचे उपकार मी रोज मानतो. त्यांनी माझा जीव वाचवला, तो हे लिहिण्यापुरता तरी उपयोगी पडो.

केतकी, तू हे वाचशील. हट्ट तुझ्या बाबांचा नव्हता.

सुधाकरराव, उपास माझा होता, वर जायचं मी ठरवलं होतं, आणि खाली येऊन नाव तुमचं घेतलं. मला क्षमा करा. चहाचा तो कप खाली ठेवून एवढंच म्हणायचं होतं.